बसवलेला माणूस

“तो मेला. मी माझ्या हातानं खड्ड्यात बसवलाय त्याला,” संगप्पा म्हणाला.

“बसवलास खरा,” बिरप्पा म्हणाला. “पण उठून गेला म्हणत्यात की.”

स्मशानात जमलेली माणसं हसली. हसण्यात सुख नव्हतं. महादेवप्पानं त्यांना सोन्याच्या खाणीचे शेअर विकले होते. खाण निजामाच्या हद्दीत होती आणि तिच्यात नुसता मुरूम होता. बिरप्पानं त्या शेअरपायी मेंढरं विकली होती. संगप्पा तर महादेवप्पाचा जिवलग. त्यानं जमीन घातली होती. त्यावर तो एक शब्द बोलत नसे.

बिंग फुटलं आणि त्याच आठवड्यात महादेवप्पा कुर्डुवाडीजवळ रेल्वेखाली सापडला. संगप्पानंच प्रेत गुंडाळून सोलापूरला आणलं. तोंड कुणी पाहिलं नाही. लिंगायताला बसवून पुरतात, तसं त्यानं बसवलं.

मग सुरू झालं.

मैंदर्गीत दिसला. दाढी होती.

नातेपुत्याच्या बाजारात दिसला. दाढी नव्हती.

कुर्डुवाडीच्या फलाटावर दिसला. हाक मारली तर पळाला.

“उकरून बघू,” बिरप्पा म्हणाला.

“उकरा की. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलाय तो. लिंग हललं तर पाप तुमचं.”

कुदळ लावायची कुणाची छाती झाली नाही. माणसं पांगली. बिरप्पा जाताना थुंकला. मातीवर की संगप्पाच्या पायाशी, ते कळलं नाही.

संगप्पा तिथून थेट महादेवप्पाच्या घरी गेला. त्याच्या बायकोनं, दाक्षायणीनं, त्याला आत घेऊन दार लावलं. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, पण डोळे रडलेले नव्हते. पुरला तो कुणी बेवारशी, महादेवप्पा लपून बसलाय, असं संगप्पानं तिच्या कानात पुरल्या दिवशीच सांगितलं होतं.

“कसे हायत, भावजी?”

“बरे हायत, वहिनी. तुमच्या शेंगाचटणीची आठवण काढत्यात.”

“हितं असताना कधी नावाजली न्हाय. मेल्यावर तोंड उघडलं म्हणायचं.”

दोघंही हसले. तिनं फडताळातून पाटल्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या. आधी बोरमाळ गेली होती, मग वाकी. लपून राहायचं म्हणजे पदोपदी हात ओले करावे लागतात, असं संगप्पा सांगे.

“त्यांची काही खूण आणा की. गळ्यातलं...” तिनं जीभ चावली.

“जित्ता माणूस गळ्यातलं लिंग काढून देतो व्हय, वहिनी?”

ती ओशाळली. मग म्हणाली, “ह्या पाटल्या शेवटच्या. घरात आता काय न्हाय. मला त्यांच्याकडं न्या. मी तुमच्यासंगं येते.”

“लई लांब हाय.”

“न्या, न्हायतर मी बिरप्पाला घेऊन त्यांना हुडकाया निघते.”

संगप्पानं पाटल्या धोतराच्या सोग्यात बांधल्या.

“परवा पहाटे तयार ऱ्हावा. माहेरी जाते म्हणून सांगा शेजारी.”

दाक्षायणीनं मान हलवली. किती दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

तो परत स्मशानात आला तेव्हा ऊन चढलं होतं. तिथं चिटपाखरू नव्हतं. तो मातीशी उकिडवा बसला आणि खांद्यावरच्या पंच्यानं मान पुसली.

“महादेवप्पा,” तो म्हणाला, “तुझी बायको तुझ्याकडं यायचं म्हणती. जरा सरकून बस.”