ग्रिलचा नवा तळ

धाकट्या भावाच्या, प्रतापच्या परसात वैजयंताअक्का कोळशाचं ग्रिल उलटं करून बसली होती. तळ गंजून त्याची पार चाळण झालेली. जाळी तिने नवी केली, मोडका पाय वेल्डिंग करून जोडला, झाकणाला लाकडी मूठ बसवली. नवऱ्यामागे वीस वर्षं वर्कशॉप चालवलेल्या हाताला हे काम म्हणजे खेळ होता.

"आता निखारे ठेवायला जाड, पसरट काहीतरी दे," ती म्हणाली. "भोकं पाडून बसवते. खालून वारा लागला की कोळसा कसा फुलतो बघ."

प्रताप माळ्यावर चढला आणि स्टीलची एक परात घेऊन आला. "ही चालेल? नुसती पडूनच आहे."

माप घ्यायला अक्काने परात उलटी केली. तळावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं: सौ. अनसूया ग. माळवदे.

आई गेल्यावर अक्काने सोनंनाणं काही मागितलं नव्हतं. भाकरीची परात तेवढी मागितली होती. "शपथेवर सांगतो अक्का, सगळं घर पालथं घातलं, कुठेच सापडली नाही," म्हणत प्रताप तिच्या गळ्यात पडून रडला होता. तेव्हा तिनेच त्याची समजूत घातली होती.

"थांबलीस का गं?" प्रताप म्हणाला. "पाहुणे येतील आता."

अक्काने परातीवरची धूळ पदराने पुसली. मग ड्रिल उचललं.

"भोकं आईच्या नावावरून पाडू," तिने विचारलं, "की नाव सोडून?"