बुरुजाच्या खिडकीतला चिरा

फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या त्या दणकट किल्ल्याला राजवाड्याचं देखणेपण आलं ते पाचशे वर्षांपूर्वी, बुरुजातल्या बाण मारायच्या फटी फोडून वेलबुट्टीच्या खिडक्या बसवल्या तेव्हा.

ओदिलच्या वडिलांनी जन्मभर त्याच खिडक्यांचे झिजलेले चिरे बदलले. शेवटचा चिरा घडवला आणि ते गेले. आज तो बसणार होता. पाथरवट आपली खूण चिऱ्याच्या मागच्या अंगाला कोरतो. चिरा बसला की ती कायमची झाकली जाते. म्हणून ती शेवटची पाहायला ओदिल आली होती.

वडिलांची खूण तिनं बोटानं चाचपली. तीन दाण्यांची ओंबी.

"तुझा बाप दगड घडवत नव्हता पोरी, लाडावत होता," त्यांचा जोडीदार फिर्मँ म्हणाला आणि त्यानं पहारीनं जुना चिरा उपसला.

त्याच्याही मागच्या अंगाला तीच ओंबी होती.

"काका, हा बाबांनी आधी कधी काढला होता?"

"छे गं! पाचशे वर्षांत आज पहिल्यांदा निघतोय."

कोरीव रेघांतली ताजी पांढरी भुकटी तिच्या बोटाला लागली.

फिर्मँनं चुन्याची थापी उचलली. रिकाम्या खाचेतून, भिंतीच्या आतून, छिन्नीचे सावकाश टोले ऐकू येत होते.

"थांबा काका," ओदिल हळूच म्हणाली. "बाबांचं अजून आटपलेलं नाही."