माफीच्या दोन ओळी

"दोन ओळी, ताई. 'चूक झाली' एवढंच छाप आणि मोकळी हो." धाकट्या भावाने काळा कोट खुर्चीवर टाकला. वकील म्हणून तो बहिणीकडून फी घेत नव्हता; बडबड करून वसूल करत होता.

"चूक झालेलीच नाही," संपादकबाई म्हणाल्या.

नदीवरचा नवा पूल दोन वर्षांत खचला, तेव्हा बाईंनी आपल्या साप्ताहिकात लिहिलं होतं : काम कच्चं आहे हे ठाऊक असून इंजिनिअरने सही ठोकली. त्या इंजिनिअरने बदनामीचा दावा लावला होता.

"पुरावा काय आपल्याकडे? खचलेला पूल आणि तुझा संताप! उद्या तो स्वतः साक्षीला उभा राहतोय. हरलीस तर साप्ताहिकाला टाळं."

"लागू दे. बावीस वर्षांत छापलेला एक शब्द मी गिळलेला नाही."

"हेच सगळं त्या मोठ्या दैनिकानेही छापलं. त्यांना सोडून तुझ्यावरच का डूख धरलाय, देव जाणे." भाऊ कोट उचलून धुसफुसत निघून गेला.

बाईंना भीती वाटत नव्हती असं नाही. चांगलीच वाटत होती. साप्ताहिक बुडालं तर पाच माणसं घरी बसणार होती, आणि सहाव्या त्या स्वतः. तरीही माफीच्या विचाराने त्यांचं डोकं तापत होतं.

दारात कोणीतरी खाकरलं. इंजिनिअर. एकटाच, सोबत वकील नाही.

"माफी छापताय, असं कानावर आलं," तो उभ्यानेच म्हणाला.

"कान तपासून घ्या."

"तुमचे वकील तडजोड करतील."

"वकील माझा भाऊ आहे. लहानपणापासून त्याचा कान माझ्या हातात आहे."

"साप्ताहिक बंद पडेल."

"पडू दे! साप्ताहिक बंद पडल्याने तुमचा पूल सरळ होणार नाही."

"नक्की? कोर्टात ऐनवेळी कच खाणार नाही?"

"तुम्ही मला धमकावायला आलात की परीक्षा घ्यायला? माफी मिळायची नाही. उद्या कोर्टात भेटू. चला, निघा."

इंजिनिअर निघाला नाही. खुर्ची ओढून बसला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने टेबलावर सरकवला. माफीचा तयार मसुदा असणार. फाडायच्या तयारीनेच बाईंनी तो उघडला.

आत प्रश्न होते. अकरा, आकडे घालून, सुवाच्य अक्षरात. पहिला प्रश्न : पूल नापास ठरवणारा तुमचा अहवाल कोणी बदलायला लावला?

"बाहेर ब्र काढायचा नाही, असं पूल बांधणाऱ्या कंपनीने माझ्याकडून लिहून घेतलंय," तो म्हणाला. "पण कोर्टात शपथेवर विचारलं, तर उत्तर द्यावंच लागतं. भावाला सांगा, एकही प्रश्न गाळू नका."