फाइलीचा श्री

खंडेनवमीला ढोबळेसाहेबांनी कचेरीतल्या कॉम्प्युटरची हळदकुंकू वाहून पूजा केली. दसऱ्याला नागपूरला गेलेली ऑपरेटर दीक्षा चार दिवसांनी परतली, तर पाण्याचे टँकर आवारातच उभे. टँकरची यादी गावांचे आकडे ज्या फाइलीतून ओढून घ्यायची, ती फाइलच मशीनला सापडत नव्हती.

"आवं सायेब, पोरांनी काय तुमची शाई प्यायाची?" वाडीवरनं आलेल्या पारूबाईनं रिकामी कळशी टेबलावर आदळली.

"मशीनला नजर लागलीय," म्हणत साहेब नारळ फोडायला उठले.

दीक्षानं खुर्ची ओढली. फाइल जागेवरच होती, फक्त साहेबांनी पूजेच्या दिवशी तिच्या नावापुढं 'श्री' जोडला होता. शेंदूर फासलेला दगड परवडला, तो निदान कुणाचं पाणी अडवत नाही, असं मनात म्हणत तिनं तो पुसला. उंबऱ्यावर नारळ फुटला आणि इकडं यादी भरली. ती तोंड उघडणार, तोच साहेबांनी तिला खुर्चीवरून उठवलं.



"बघितलंस? एकट्या फाइलीला श्री लावून भागत नाही. आता सगळ्यांनाच लावतो."