भाऊसोंनी काय सोडलं?

भाऊसोंनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला, तशी बयाबाईनं पळी पातेल्यात आपटली.

"म्हंजे मटणबी न्हाई सोडलं?"

"न्हाई," भाऊसो खुशीत म्हणाले. "लय झ्याक झालंय. वाढ की."

नवरा काशीहून येऊन पाच दिवस झाले होते आणि पाच दिवस बयाबाईचा हाच शोध चालला होता. काशीला गेलेल्या माणसानं आपली सगळ्यात आवडती गोष्ट गंगेवर कायमची सोडून यायची, ही रीत. नाहीतर ती यात्रा कसली, नुसती सहल. गावात लबाड काही कमी नव्हते. लालासाहेब काशीला कारलं सोडून आले, आणि कारलं त्यांच्या घरात जन्मात शिजलं नव्हतं.

बयाबाईला असली लबाडी चालणार नव्हती. काशीला खरं तर तिलाच जायचं होतं. चाळीस वर्षं तिनं धोशा लावला; पण कधी ऊसतोड आडवी आली, कधी भाऊसोंची साताऱ्याच्या कोर्टातली तारीख. शेवटी जायचं ठरलं, तर तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. कराडच्या स्टँडवर नवऱ्याला यात्रेच्या बसमध्ये बसवताना तिला रडू आवरेना.

"माजी काशी तुमच्या पायानं व्हनार हाय. नीट करून या."

भाऊसोंनी नुसती मान हलवली. मांडीवरची फुगलेली पिशवी त्यांनी कुणाला वर ठेवू दिली नव्हती. परत आले तेव्हा तिच्यात गंगाजलाचा गडू तेवढा होता.

पहिल्या दिवशी बयाबाईनं पिठलं केलं. खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या. पाच खाल्ल्या. चहा तर दिवसातून सहा वेळा चालूच होता.

मंगळवारी तारीख होती. धाकटा भाऊ मानसिंग आणि भाऊसो बांधावरच्या आंब्याच्या झाडावरून बावीस वर्षं भांडत होते. एरवी तारखेच्या दिवशी भाऊसो पहाटेच दाढी करून, कडक टोपी घालून नवरदेवासारखे निघायचे. या मंगळवारी अकरापर्यंत लोळत पडले.

"परवासाचा शीण," बयाबाई म्हणाली आणि दुपारी शेंगोळे करून पाहिले. तेही फस्त झाले.

"आवं, मग सोडलंसा तरी काय?"

"सोडलंय. पर इतक्यात इचारू नगंस. आजून लय आठवण येती. नाव काढलं की हात परत तिकडं जाईल."

बयाबाईनं ताबडतोब तंबाखूची डबी पुढं केली. भाऊसोंनी चिमूट घेऊन निवांत मळली.

रविवारी मावंदं होतं. काशी करून आलेल्याच्या घरी गंगेची पूजा आणि मग गावजेवण. बयाबाईनं सून संयोगिताला निमंत्रणाची घरं बोटांवर मोजून दिली, मानसिंगचं शेजारचं दार तेवढं वगळून.

मांडवात पानं वाढली. माणसं एकेक करून भाऊसोंच्या पाया पडू लागली. सगळे हसत होते, फक्त बयाबाई नवऱ्याकडं रोखून बघत होती. यात्रेकरूच खोटा निघाला, तर तिची काशीही खोटीच ठरणार होती. तिनं गंगेचा गडू उचलला आणि भर पंगतीत नवऱ्यासमोर उभी राहिली.

"ह्या गंगेवर हात ठेवा आन सांगा. आवडीचं काय सोडलंसा? न्हाईतर ही पंगत आत्ता उठवते."

लालासाहेब आपल्या पानातलं मीठ निरखू लागले.

भाऊसोंची नजर फाटकाकडं होती. "दम धर जरा. माज्या शेजारचं पान मोकळं हाय."

फाटक वाजलं. मानसिंग आत आला. डोक्यावर आंब्यांनी भरलेली पाटी, मागं बायको विजयमाला. पाटी खाली ठेवून तो तिथंच अवघडून उभा राहिला. भाऊसो उठले, त्यांनी त्याचा हात धरून त्याला शेजारच्या पानावर बसवलं आणि मग गडूवर हात ठेवला.

"केस सोडली, कागदासकट. बावीस वर्सांत तिच्याएवढं आवडीचं मला दुसरं काय व्हतं, तूच सांग."