वेग कमी होणारी जागा

इटाव्याच्या पुढे, मोहरीच्या शेतांमधून जाणाऱ्या महामार्गावर चालकाविना धावणारे सगळे ट्रक एकाच जागी हळू होत. तिथे ना वळण होतं, ना खड्डा. ट्रकच्या कंपनीची इंजिनिअर निखत चौकशीला आली. शेतातल्या फुलमतीला तिने विचारलं, "माई, इथे काय होतं?"

"माझी मुलगी इथेच ट्रकखाली गेली. तिचे बाबाही ट्रक चालवायचे. तेव्हापासून इथे आले की हळू व्हायचे. आता तेही नाहीत."

"त्यांचं नाव?"

"रामसजीवन."

निखतने ते नाव ओळखलं. ज्यांचं चालवणं बघून हे ट्रक शिकले होते, ते रामसजीवनच होते. तिने फुलमतीला तसं सांगितलं.

"ही सवय मोडणार का, बेटी?"

शाळा सुटलेली मुलं रस्ता ओलांडायला कडेला खोळंबली होती.

"नाही, माई. आता ट्रकना इथे थांबायला शिकवते."