अमरसिंगचं काळं बियाणं

पाचव्या दिवशी पहाटे अमरसिंगच्या दारात कोंबडा आरवला नाही. तरी तो उठून बसला. झोपेत त्याला आरवणं ऐकू आलं होतं, अगदी कानापाशी. बाहेर मोहाची फुलं टपटप पडत होती. त्यांचा गोड वास धुक्यासारखा पाड्यावर बसला होता. खुराडं रिकामं होतं.

मानमोडीची साथ आली आणि चार दिवसांत तेवीस पाखरं घेऊन गेली. पिसं काळी, तुरा काळा, जीभ काळी, हाडसुद्धा काळं. आजोबांनी सातपुड्यापलीकडून टोपलीत आणलेलं हे बियाणं अमरसिंगनं चाळीस वर्षं निर्भेळ राखलं होतं. एक पांढरं पीस दिसलं की ते पिल्लू थेट कालवणात. ब्याऐंशी साली सरकारी योजनेतल्या पांढऱ्या कोंबड्या पाड्यात घरोघर आल्या, त्यातली एकही त्यानं दारात येऊ दिली नाही.

गडी तसा दिलदार. अंगातला सदरा काढून देईल, पण उबवायला अंडं? नाव काढू नका. दम्याच्या माणसाला औषध म्हणून मात्र तो अंडी द्यायचा, कारण आजाऱ्याला नाही म्हणवत नसे. पण घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक अंड्याला आधी बाभळीचा काटा टोचायचा, असा त्याचा नेम. खायला अंडं चांगलं, उबवायला वांझ. पायथ्याच्या पाड्यांतले सगळे कोंबडेवाले म्हातारे यावरून बाजारात टोमणे मारत आणि हा आपला मिशीत हसे.

आता कुठलं हसू! सगळं बियाणं एकाच घरात कोंडलं आणि ते घरच आटोपलं. चूक त्याची एकट्याची. दुसऱ्या कुणाला शिवी हासडावी, तर तीही सोय नव्हती.

होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला. बायको चमेलीबाई निघाली तसा तोही तिच्या मागे चालू लागला, जागेपणी की झोपेत ते त्याचं त्यालाच ठाऊक. ढोल वाजत होते. गुलाल आणि धूळ एकत्र होऊन उन्हात तरंगत होती. माणसं त्या धुळीतून येत आणि धुळीतच नाहीशी होत. झाडाखाली कोंबडेवाले टोपल्या मांडून बसले होते. आज कुणी टोमणा मारला नाही. एकानं सरकून जागा केली, एकानं तंबाखू पुढे केली.

तेवढ्यात आरवणं ऐकू आलं. रोज झोपेत येतं तेच असणार, म्हणून अमरसिंगनं मान वळवली नाही. मग पुन्हा आलं. खोल, शेवटाला जरासं तुटलेलं. त्याच्या घराचं.

एक अनोळखी बाई काळा कोंबडा काखेत धरून उभी होती. तिच्या टोपलीत काळ्या कोंबड्याही होत्या. अमरसिंगनं तिला न विचारताच कोंबड्याची चोच उघडली. जीभ काळी. पंख फाकवून पीस न् पीस पाहिलं. मग तो तिथेच खाली बसला.

बाईचं नाव सुंदरबाई, दोन डोंगर पलीकडची. सासऱ्याच्या दम्यासाठी याच्याच घरून अंडी नेली होती. त्यातली दोन उरली, ती सहज खुडूक कोंबडीखाली ठेवली. त्याला झाली सहा वर्षं. आता तिच्या पाड्यात घरोघरी हीच पाखरं होती.

"हाई तुमनंच बियानं शे, आबा," ती म्हणाली. "एक जोडी लई जा."

अमरसिंग ढसाढसा रडला, सगळ्या बाजारासमोर, आणि त्याला लाजही वाटली नाही. पण डोकं मात्र ऐकेना. ती अंडी उबणं शक्यच नव्हतं. अंडी चमेलीबाईच्या ताब्यात, काटाही तिच्याच हातात, आणि त्याची बायको कामात चुकणारी नव्हे. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

चमेलीबाई मिळालेल्या कोंबडीचे पाय सुतळीनं बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दोन लेकी सासरी धाडल्या आपण. त्यांना काय वांझ करून धाडल्या?"